वाफेचा हिशेब

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून शिवकालाचा इतिहास सांगितला जातो, संतवाङ्मयावर निरूपण होते, क्वचित चंद्रावरील स्वाऱ्यांविषयीही ऐकावयास मिळते. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदीच क्षुद्र वाटेल. दम्याचा रुग्ण दवाखान्यात आला की त्याच्या तोंडावर मुखवटा ठेवून यंत्रातून औषधाची वाफ देतात. त्या वाफेचे पैसे आजवर कोणी भरले, किती भरले आणि कोणत्या हिशेबाने भरले, एवढाच आमचा विषय आहे. आम्ही डॉक्टर नव्हे आणि पदवीधरही नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली, पाठीवर पोते आले आणि पुढे तीस वर्षे नांदेड-लातूरकडील जिन, डाळमिल व आडत बाजार येथील कामगारांच्या संघटनेत गेली. वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी वाचले. म्हणून आमच्या बोलण्यात कोठे उणे दिसले तर जाणत्यांनी ते सांभाळून घ्यावे.

इतिहास म्हणजे केवळ लढायांचा व तहांचा, असे कोणी समजू नये. बिल हाही एक दस्तऐवजच आहे. बखर लिहिणारा बहुधा धन्याच्या पदरी असतो. बिलावर मात्र पैसे देणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. आमच्या भागातील गोरगरिबांच्या श्वासाचा इतिहास लिहावयाचा तर तो अशा कागदांवरूनच लिहावा लागेल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जिनात काम करणाऱ्या आमच्या एका सभासदाची पत्नी कचेरीत आली. पदराच्या गाठीतून तिने एक घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाली, "भाऊ, हे जरा वाचून बघा बरं. वाफेचे एवढे पैसे कसे झाले?" नवरा चार दिवस एका खाजगी दवाखान्यात होता. कागदावर वाफेच्या बावीस खेपा लावलेल्या होत्या. प्रत्येक खेपेस यंत्राचे भाडे निराळे, वाफ देणाऱ्या परिचारिकेचे शुल्क निराळे. औषधाच्या कुप्या खालच्या दुकानातून रोखीने आणलेल्या, त्यांची पावती निराळी. एकाच माणसाच्या नावावर तीन मुखवटे. प्राणवायू अहोरात्र चालू असल्याचा हिशेब, आणि ती माउली सांगत होती की तिसऱ्या दिवशी हे आपल्या पायांनी खाली चहाला गेले होते! आम्ही म्हणालो, "वहिनी, डॉक्टरांनी दिवसातून किती वेळा वाफ सांगितली होती?" ती म्हणाली, "चारदा." चार चोक सोळा. हिशेब पहिलीतल्या पोराचा होता. आम्ही तिच्याबरोबर गेलो, रुग्णाचा कागद मागितला, सोळाच खेपांची नोंद सापडली. व्यवस्थापक म्हणाले, संगणकाने काढले आहे. सहा खेपांचे पैसे परत मिळाले. परंतु घरातील दोन शेळ्या तत्पूर्वीच बाजारात गेल्या होत्या. त्या काही परत आल्या नाहीत.

त्या दिवसापासून आम्ही या प्रकरणाच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न करीत आहोत. त्यातून जे हाती लागले ते क्रमाने सांगतो.

दमा हा काही नवा रोग नव्हे. वाफ व धूर यांनी छाती मोकळी करण्याची युक्तीही जुनीच. अडुळशाचा रस घरोघर माहीत होता, आणि वैद्य धोतऱ्याच्या पानांचा धूर ओढावयास सांगत. गंमत अशी की ही धोतऱ्याची युक्ती १८०२ च्या सुमारास मद्रासेहून विलायतेस गेली आणि तेथील डॉक्टरांनी ती उचलली. पुढे शतकभर युरोपात दम्याच्या विड्या विकल्या जात होत्या. ज्या झाडाला आपण कुंपणावरचे विषारी झाड म्हणतो, त्याचे त्यांनी दुकान मांडले.

आमच्या मुलखाला दम्याच्या उपायासाठी जावयाच्या दोन वाटा होत्या. एक हैदराबादची. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्यामुळे आमची राजधानीच हैदराबाद. तेथे मृगाच्या दिवशी बथिनी घराणे जिवंत मरळ माशाच्या पिलाच्या तोंडात औषधाचा गोळा घालून ते दमेकऱ्यास गिळावयास लावते. १८४५ पासून हा प्रघात चालू असल्याचे ते घराणे सांगते. नांदेडहून मनमाड-सिकंदराबाद मार्गाच्या गाड्या भरून माणसे जात. शास्त्राच्या कसोटीला ते औषध उतरल्याचे दिसत नाही, आणि आम्ही कोणाला तिकडे जा म्हणून सांगणार नाही. तथापि हजारो माणसे रांगेत का उभी राहिली, याचे एक उत्तर श्रद्धा हे असले तरी दुसरे उत्तर असे की तेथे औषधाचे पैसे घेत नसत. भाड्यापुरते पैसे जमवले की काम भागे.

दुसरी वाट मिरजेची. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरला आली आणि पुढे ती मिरजेपर्यंत जोडली गेली. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या मिशन दवाखान्याचा लौकिक दूरवर होता. "मिरजेला नेले" एवढे म्हटले की आजार गंभीर आहे हे कळे. ती अरुंद गाडी आता राहिली नाही. पण २०१६ च्या दुष्काळात मिरजेहूनच रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा जुन्या माणसांना जुनी वाट आठवली असेल. श्वास असो वा पाणी असो, आमच्या मुलखाने ते रुळांवरून दुरून आणावे, हा जणू परिपाठच पडून गेला आहे.

आता कापसाकडे वळू. गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत कापूस पिकला, म्हणून नांदेडला जिन आले, प्रेस आले, निजामी अमलात उस्मानशाही गिरणी उभी राहिली. पुढे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. लातूर ही मुख्यतः बाजारपेठ. तेथे आडत, डाळमिल, तेलाच्या गिरण्या व जिन. या सर्व धंद्यांत एक वस्तू समान आहे, ती म्हणजे धूळ. जिनात सरकीपासून रुई सुटते तेव्हा बारीक तंतू, वाळल्या पानांचा चुरा व माती यांचा ढग उठतो. रेच्यावर कापूस घालणाऱ्या बायांच्या भुवया संध्याकाळी पांढऱ्या झालेल्या असतात. डाळमिलमध्ये तुरीचे टरफल उडते, आडतीवर पोती झटकताना हमालाच्या नाकातोंडात जे जाते त्याला नावच नाही.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या विकारास इंग्रजीत बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण मोठी विलक्षण आहे. सुटीचा दिवस संपवून कामगार सोमवारी कामावर आला की छाती आवळते. आठवडा सरत जातो तसतशी ती काहीशी सैल पडते. पुढील सोमवारी पुन्हा तोच प्रकार. पुष्कळ वर्षे गेली की मग वारांचा भेद राहत नाही, रोजच सोमवार होतो. विलायतेत लँकेशायरच्या गिरण्यांतून शिलिंग नावाच्या डॉक्टरांनी १९५० नंतरच्या दशकात याचा पद्धतशीर अभ्यास केला. आमच्याकडे मात्र बुधवारी भरणारा बाजार असला तर गुरुवारी छाती भरते, एवढेच कामगार सांगे, आणि ऐकणारा म्हणे, "विडी सोड." आमचे वडील जिनात होते. त्यांनाही सर्वांनी हेच सांगितले. विडी ते ओढत होते हे खरे. पण आमच्या आईने जन्मात विडी ओढली नाही, आणि रेच्यावर पंधरा हंगाम काढल्यावर तिलाही जिन्याच्या चार पायऱ्या चढवेनात. विडी वाईटच. परंतु विडीच्या आड धूळ लपून बसली, हेही तितकेच खरे.

आता आम्ही ज्या कायद्याकडे येतो तो या कथेचा कणा आहे. कर्मचारी राज्य विमा कायदा १९ एप्रिल १९४८ रोजी झाला. त्यातील कल्पना उदात्त होती. कामगाराने पगारातून थोडी वर्गणी द्यावी, मालकाने अधिक द्यावी, आणि आजारपणात कामगाराच्या हाती बिल पडूच नये. औषध त्याला हक्काने मिळावे. १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि हळूहळू देशभर पसरली. तो कायदा दिल्लीत झाला तेव्हा नांदेड व लातूर अद्याप निजामाच्या अमलात होती; आमची सुटका १७ सप्टेंबर १९४८ ची. म्हणजे हक्काचा कागद तयार झाला तेव्हा आम्ही दाराबाहेर होतो. दार उघडल्यावरही आमच्यातील बहुसंख्य बाहेरच राहिले, आणि त्याचे कारण त्या कायद्याच्या एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे "हंगामी".

हंगामी कारखान्यांना हा कायदा लागू नव्हता. हंगामी म्हणजे कोणते, याची यादी कायद्यातच दिलेली होती : कापूस पिंजून सरकी काढणे, कापसाच्या किंवा तागाच्या गाठी बांधणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, कॉफी, नीळ, लाख, रबर, चहा तयार करणे, आणि साखर व गूळ तयार करणे. श्रोतेहो, ही यादी पुन्हा एकदा मनाशी म्हणून पाहा. यांतील चहा, कॉफी, रबर सोडले तर उरलेली यादी म्हणजे मराठवाड्याच्या उद्योगांचीच यादी नव्हे काय? जिन गेला, प्रेस गेला, शेंगा फोडण्याची गिरणी गेली, साखर कारखाना गेला. उरले किती? कामगार काही महिनेच कामावर असतो, मग वर्षभराच्या वर्गणीची घडी बसवावी कशी, ही अडचण त्या काळी समजण्यासारखी होती. परंतु छातीला हंगाम नसतो. धूळ दिवाळीनंतर आत जाते आणि दम आषाढात लागतो.

याहून नवल पुढे आहे. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात पुढे बिसिनोसिसचा समावेश झाला. उसाच्या चिपाडाच्या धुळीने होणाऱ्या बॅगॅसोसिस या विकाराचाही झाला. हे धंद्यापासून जडणारे रोग आहेत, असे सरकारने मान्य केले. म्हणजे एक कायदा म्हणतो की कापसाच्या व चिपाडाच्या धुळीने छाती जाते. आणि दुसरा कायदा म्हणतो की कापसाचा जिन व साखरेचा कारखाना आमच्या विम्यात नको. भरपाई मागता येते, नाही असे नाही. पण त्यासाठी रोग त्याच धुळीचा आहे हे शाबीत करावे लागते. ज्याचे नाव चार जिनांच्या हजेरीपटावर चार हंगाम असते, किंवा मुकादमाच्या वहीत असते, त्याने ते कसे शाबीत करावे? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुने कायदे एकत्र केले, परंतु "हंगामी कारखाने वगळून" हे शब्द तसेच ठेवले. पाऊणशे वर्षांत एवढा एक शब्द आम्ही हलवू शकलो नाही.

येथे दोष केवळ सरकारचा सांगून आम्ही मोकळे होणार नाही. आमची जुनी मागणीपत्रके आम्ही काढून पाहिली. त्यांत मजुरी आहे, बोनस आहे, सुटी आहे, काढून टाकलेल्यांस परत घ्या हे आहे. धूळ हा शब्द कित्येक वर्षे एकाही पत्रकात नाही. कारखाना कायद्याच्या चौदाव्या कलमात धूळ व धूर बाहेर काढण्याची व्यवस्था मालकाने केली पाहिजे असे १९४८ पासून लिहिलेले होते. ते कलम आम्ही प्रथम वाचले तेव्हा वडिलांना जाऊन दोन वर्षे झाली होती. मजुरीत चार आणे वाढवून घेतले आणि दवाखान्यात रुपया घातला, असा आमच्या चळवळीचा एक काळ गेला. हे कबूल केले पाहिजे.

आता औषधाचा इतिहास. श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळले की दम लागतो. ते सैल करणाऱ्या औषधांत आज मुख्य नाव सालब्युटामॉलचे आहे. विलायतेतील ॲलन अँड हॅनबरीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले आणि १९६९ मध्ये बाजारात आले. पूर्वीच्या औषधांनी छाती सुटे पण काळीज धडधडे. हे औषध त्या मानाने सौम्य ठरले. नेब्युलायझर हे यंत्र म्हणजे दाबलेल्या हवेने त्या औषधाचे बारीक तुषार करणारी साधी योजना. आपण त्याला वाफ म्हणतो, पण ती ऊन नसते.

हे औषध आमच्या खेड्यापाड्यांत स्वस्तात पोचले त्याला देशातला एक कायदा कारण झाला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, तर ते तयार करण्याच्या रीतीवरच मक्तेदारी राहील असे ठरले. तो १९७२ मध्ये अमलात आला. रीत बदलून तेच औषध बनविण्याची मुभा मिळताच देशी कंपन्या पुढे सरसावल्या. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सिप्लाने त्याच दशकात दम्याचे फवारे येथेच तयार करण्यास आरंभ केला. हे मोठे देशकार्य होते, यात शंका नाही.

परंतु औषध करणे ही एक गोष्ट आणि त्याची किंमत ठरविणे ही दुसरी. १९६० नंतरच्या दशकापासून सरकार औषधांच्या किमतींवर हुकूम काढीत आले. १९७५ मध्ये जयसुखलाल हाथी यांच्या समितीने अहवाल दिला. १९७९ च्या हुकमात ३४७ मूळ औषधे नियंत्रणाखाली होती, १९८७ मध्ये १४२ राहिली, १९९५ मध्ये ७४. घागर अशी झिरपत गेली. तरी १९९५ च्या त्या ७४ मध्ये सालब्युटामॉल होते, आणि दम्याचेच दुसरे औषध थिओफिलिन हेही होते. कंपन्यांनी या समावेशालाच आव्हान दिले. उलाढालीचे निकष आम्हांस लागू होत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. सिप्ला विरुद्ध सरकार हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. तेथे कंपनीची सरशी झाली. १ ऑगस्ट २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बाजूस सारला, प्रकरण पुन्हा विचारासाठी परत पाठविले, आणि जादा घेतलेल्या म्हणून मागितलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम भरण्यास सांगितले. ज्या कंपनीने औषध स्वस्त करून दाखविले तिलाच सरकारने जादा आकारणीबद्दल कोर्टात खेचावे, हे ऐकून आमच्या सभासदांना गोंधळल्यासारखे होते. आम्ही त्यांना सांगतो, व्यापारी हा व्यापारीच असतो. त्याने चांगले केले ते चांगले म्हणावे, आणि वजन मात्र आपल्या काट्यावर करून घ्यावे.

२०१३ मध्ये काटाच बदलला. पूर्वी औषध तयार करण्यास खर्च किती येतो ते पाहून किंमत ठरे. नव्या हुकमाने बाजारातील ज्या मालाचा हिस्सा एक टक्का वा अधिक आहे त्यांच्या किमतींची सरासरी काढून, वर दुकानदाराचा १६ टक्के नफा धरून कमाल किंमत ठरू लागली. म्हणजे मालाला खर्च किती आला हा प्रश्न विचारणेच बंद झाले. शिवाय हे बंधन आवश्यक औषधांच्या यादीतील नावांपुरते. यादीबाहेरील औषधाची किंमत दरसाल दहा टक्क्यांपर्यंत वाढविण्यास मोकळीक आहे. मग चिठ्ठीवर यादीतल्या औषधाऐवजी त्याच्या भाऊबंदाचे किंवा दोन औषधांच्या मिश्रणाचे नाव येते. रुग्णाला भेद कळत नाही, पावतीला मात्र कळतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी किंमत प्राधिकरणाने आठ औषधांच्या अकरा प्रकारांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढविली. त्यांत सालब्युटामॉलच्या गोळ्या होत्या आणि वाफेसाठीचे द्रावणही होते. कच्चा माल महागला, या भावात औषध करणे परवडत नाही, उत्पादक ते बंद करतील, असे कारण देण्यात आले. असे होऊ शकते. स्वस्त औषध बाजारातून नाहीसे होणे हे महाग औषधाहून वाईट. पण जिनातल्या बाईची मजुरी एका हुकमाने ५० टक्के वाढल्याचे आम्ही अद्याप ऐकले नाही.

एवढे करूनही वाफेच्या बिलात औषधाचा वाटा बहुधा लहानच असतो. आमच्या सभासदाच्या बिलात खरी वाढ यंत्राचे भाडे, मुखवटा, नळी, परिचारिका व प्राणवायू यांनी केली होती. बैल लहान आणि झूल मोठी, असा हा प्रकार. त्या झुलीवर सरकारची नजर फार उशिरा गेली. २०१८ मध्ये किंमत प्राधिकरणाने राजधानीच्या परिसरातील चार खाजगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा आढळला. जुलै २०२१ मध्ये नेब्युलायझर यंत्रासह पाच उपकरणांवरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली गेली. पण ती यंत्राच्या विक्रीला लागू होती. एकच यंत्र दिवसातून वीस रुग्णांना लावून वीस वेळा भाडे घेण्याला ती लागू नव्हती.

हा रोग आपल्याकडेच आहे असेही नव्हे. अमेरिकेत वृद्धांसाठी सरकारी विमा आहे. तो वाफेच्या औषधांचे पैसे कंपन्यांनी छापलेल्या यादीतील किमतीवरून देत असे, आणि पुरवठादार तेच औषध प्रत्यक्षात फार कमी दराने विकत घेत. मधला फरक त्यांच्या खिशात. सरकारी तपासनीसांनी वर्षानुवर्षे हे दाखवून दिले, तेव्हा २००३ मध्ये कायदा झाला आणि २००५ पासून प्रत्यक्ष विक्रीच्या सरासरीवर सहा टक्के धरून पैसे देण्याची पद्धत आली. छापील किंमत आणि खरी किंमत यांतले अंतर हेच जगभरच्या बिलांचे मर्म आहे.

आमच्या दोन जिल्ह्यांत सरकारी योजना आल्या, त्यांचेही श्रेय दिले पाहिजे. अंबाजोगाईला १९७४ मध्ये, नांदेडला १९८८ मध्ये व लातूरला २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली. मिरजेची वाट धरण्याची गरज त्यांनी कमी केली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. लातूरला ती २०१३ च्या नोव्हेंबरात आली. पुढे तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, आणि २०२३ च्या निर्णयाने दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर नेऊन ती सर्व कुटुंबांना खुली करण्यात आली. अनेकांचे प्राण तिने वाचविले. परंतु ती दाखल झालेल्या रुग्णासाठी, ठरलेल्या उपचारांसाठी आहे. दमेकरी रात्री येतो, वाफ घेतो, पहाटे घरी जातो. त्याचे दुखणे पाच लाखांचे नसते. ते आठवड्याला काही शे रुपयांचे असते आणि वर्षानुवर्षे चालते. मोठ्या पुरासाठी धरण बांधले, पण घराला लागलेली गळती तशीच राहिली.

करोनाच्या साथीत एक गोष्ट सिद्ध झाली. २१ मे २०२० रोजी राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांतील दिवसाचे दर बांधून दिले : साध्या खाटेस ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५०० व कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये. जून २०२१ मध्ये शहरांचे वर्ग पाडले. मुंबईत जी खाट ४,००० ची, ती नांदेडला ३,००० ची आणि सर्वांत खालच्या वर्गात २,४०० ची ठरली. बिले तपासण्यासाठी लेखापरीक्षक नेमले गेले. अंमलबजावणीत उणिवा राहिल्या असतील. पण बिलाला सरकार हात लावू शकते, दर फलकावर लिहिता येतात आणि तरी दवाखाने बंद पडत नाहीत, हे त्या दोन वर्षांत सर्वांनी पाहिले. साथ ओसरली आणि तो दरफलक उतरला. मात्र जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनी खाजगी दवाखान्यांनी आपले दर व रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागी लावावी असे ठरविले आहे. हा नियम कागदावर जिवंत आहे. भिंतीवर तो आहे की नाही हे आपण जाऊन पाहावयाचे आहे.

सरकारी दवाखान्यांबद्दल एकच गोष्ट बोलतो, कारण ती बोलताना अजून जड जाते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सर्व उपचार विनामूल्य झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये निराळ्या खात्याची म्हणून त्या निर्णयाबाहेर राहिली. त्यानंतर दीड महिन्याने नांदेडच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. औषधांचा तुटवडा होता असे लोक म्हणाले, नव्हता असे सरकार म्हणाले; मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली. आम्ही त्यात न्यायाधीश होऊ इच्छीत नाही. एवढेच म्हणतो की "हे बाहेरून आणा" अशी चिठ्ठी हातात पडली की विनामूल्य या शब्दाची किंमत त्या क्षणी कळते.

आता हे सर्व ऐकून करावयाचे काय, असे तुम्ही विचाराल. इतिहास ऐकून घरी जाऊन झोपावयाचे, अशी आमची समजूत नाही. तीन गोष्टी सांगतो.

पहिली घरातली. दम्याच्या साध्या झटक्यात फवारा आणि त्याला जोडलेली पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, यांनी वाफेइतकाच गुण येतो, असे अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे. केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली कापून केलेली नळीही मुलांमध्ये चांगली चालते हे दाखविले. फवारा एकदा घेतला की पुष्कळ दिवस पुरतो. त्याला खेपेचे भाडे नाही. आपल्या डॉक्टरांस हे विचारावे, आणि रोजचे दमा आवरणारे औषध कोणते तेही विचारावे. कारण नुसती छाती सोडवीत राहणे म्हणजे आग न विझविता धूर हाकणे होय. मात्र ओठ निळे पडले, बोलता येईना, तर नळीचा विचार न करता दवाखाना गाठावा.

दुसरी दवाखान्यातली. बिल तपशीलवार मागावे. वाफेच्या खेपा किती, त्या रुग्णाच्या कागदावरील नोंदीशी जुळतात का, कुप्या किती आणल्या व किती वापरल्या, उरलेल्या कोठे आहेत, हे पाहावे. यात डॉक्टरांचा अपमान नाही. आडतीवर शेतकरी काट्याकडे पाहतो तेव्हा आडत्याचा अपमान होत नाही. आमचे कित्येक डॉक्टर मित्र गरिबांची वाफ फुकट देतात, आणि तेच आम्हांला सांगतात की हिशेब उघडा राहिला तर चांगल्यांचे नाव वाचेल. आमच्या कचेरीत दर रविवारी सकाळी दोन शिकलेली मुले बसतात आणि येईल त्याचे बिल वाचून देतात. असे प्रत्येक पेठेत होऊ शकेल. तुमच्यात निवृत्त कारकून व शिक्षक पुष्कळ आहेत.

तिसरी गोष्ट कायद्यातली आणि ती सर्वांत जड. "हंगामी" हा शब्द गेला पाहिजे. जिन, प्रेस व साखर कारखाना यांतील माणसाने जितके महिने काम केले तितके महिने मालकाने वर्गणी द्यावी आणि वर्षभर त्याला औषध मिळावे. ज्या मालाच्या गाठीवर मुंबईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर विमा उतरविला जातो, ती गाठ बांधणाऱ्यावर तो का नसावा? हे आम्ही एकट्याने मागितले तर युनियनवाल्यांची ओरड ठरते. शहराने मागितले तर ते ऐकले जाईल.

त्या सभासदाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. पुढल्या हंगामात तो पुन्हा जिनात गेला. दुसरे काम नव्हते. तोंडाला ओला रुमाल बांधतो. धूळ ओढणारा पंखा बसवावा म्हणून या खेपेच्या आमच्या मागणीपत्रकात पहिले कलम लिहिले आहे, मजुरीचे दुसरे. पत्रक वाचून दाखविले तेव्हा मागच्या बाजूला बसलेली त्याची बायको म्हणाली, "भाऊ, हेच आधी लिहायचं होतं." आम्ही त्यावर काही बोललो नाही. ती बरोबर होती.